उभ्या गाडीचा ताप

शाळेच्या ॲम्ब्युलन्सचा काटा चढलेला मी दोन दिवस आधीच पाहिला होता आणि कोणालाही सांगितले नव्हते. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

ऑक्टोबरमधली आंतर-हाऊस क्रॉस-कंट्री. घोटा मुरगळल्यामुळे मी धावणार नव्हतो. माझी ड्युटी वॉटर पॉइंटवर होती. ॲम्ब्युलन्स तिथेच बाभळीच्या अर्ध्यामुर्ध्या सावलीत, इंजिन आणि एसी चालू ठेवून उभी होती. उन्हाने कोणी पडला तर त्याला लगेच थंड जागा मिळावी, हा हेतू. सरावाच्या दिवशीही ती अशीच उभी होती. त्या दिवशी मी सावलीसाठी पुढच्या सीटवर बसलो होतो तेव्हा तापमानाचा काटा हळूहळू लाल पट्ट्याकडे सरकताना मला दिसला. मी ड्रायव्हर भैयांकडे पाहिले. ते म्हणाले, "चालायला लागली की उतरतो." परत येताना खरेच उतरला. मीही विषय सोडून दिला.

शर्यतीच्या दिवशी तो उतरायची वेळच आली नाही. विसाव्या मिनिटाला बॉनेटखालून वाफ आली आणि कूलंट मातीवर सांडले. भैयांनी इंजिन बंद केले, आणि ते योग्यच केले, कारण तशीच चालू ठेवली असती तर इंजिनच गेले असते. पण त्यानंतर काही वेळातच नववीतला एक कॅडेट वळणावर चक्कर येऊन बसला. त्याला सावलीत आडवे केले, बूट काढले, ओल्या टॉवेलने अंग पुसले. दुसरी गाडी यायला अकरा मिनिटे लागली. तो संध्याकाळपर्यंत ठीक झाला. पण ती अकरा मिनिटे मी घड्याळात मोजली आहेत, आणि त्याला उन्हाचा झटका बसला असता तर त्या अकरा मिनिटांचा हिशेब आम्ही कसा दिला असता, हे मला अजून कळत नाही.

या प्रसंगावर शाळेत दोन मते ऐकू आली. एक असे की गाडी जुनी झाली, ती बदला. ॲम्ब्युलन्स माझ्याहून एकाच वर्षाने लहान आहे, म्हणजे 14 वर्षांची. 15 वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे न चालवण्याचा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे, तेव्हा तिच्यावर आता कशाला खर्च करायचा? दुसरे मत असे की ती उभी असताना बंदच ठेवावी, म्हणजे तापणारच नाही. मला दोन्ही मते पटत नाहीत. जुनी होणे हा काही बिघाड नाही; बिघाडाला नेमके कारण असते आणि ते शोधता येते. आणि ॲम्ब्युलन्सचे अर्धे काम उभे राहण्याचेच असते. उभी राहू न शकणारी ॲम्ब्युलन्स म्हणजे नुसती व्हॅन.

माझे मत वेगळे आहे. हालचाल सुरू झाली की जो दोष दिसेनासा होतो तो गेलेला नसतो, झाकला गेलेला असतो. तो दिसला त्याच क्षणी नोंदवायला आणि क्रमाने शोधायला आम्हा कॅडेटांना शिकवले पाहिजे. हे मी पुस्तकात वाचून म्हणत नाही. त्यानंतरचे चार दिवस एमटी विभागाच्या उस्तादांनी मला आणि माझ्या दोन वर्गमित्रांना खेळाच्या तासाला शेडमध्ये उभे राहू दिले. उस्ताद ईएमईतून निवृत्त झालेले आहेत. आम्ही तिथे काय पाहिले ते थोडक्यात सांगतो, कारण माझ्या मताचा पुरावा तोच आहे.

पहिल्या दिवशी उस्तादांनी पान्याला हात लावू दिला नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला: कधी तापते? आम्ही म्हणालो, उभी असताना. रस्त्यावर? नाही. चढावर? नाही. ते म्हणाले, "मग अर्धा शोध झाला."

तो कसा झाला ते नंतर लक्षात आले. इंजिनातली उष्णता पाणी रेडिएटरपर्यंत आणते, आणि रेडिएटरमधली उष्णता हवा घेऊन जाते. गाडी पन्नास-साठच्या वेगाने चालली असेल तर समोरून येणारी हवा आपोआप रेडिएटरमधून जाते. गाडी उभी असताना समोरून काहीच येत नाही. मागचा पंखा जेवढी हवा ओढील तेवढीच. म्हणून चालताना थंड आणि उभी असताना गरम अशी तक्रार असेल तर संशय आधी हवेवर घ्यायचा: पंखा, पंख्याला फिरवणारे भाग, हवेच्या वाटेतला कचरा. याउलट गाडी चढावर किंवा वेगात तापत असेल तर रेडिएटर आतून तुंबला आहे का, वॉटर पंप, म्हणजे मिस्त्री ज्याला वॉटर बॉडी म्हणतात तो, नीट चालतो का, थर्मोस्टॅट अडकला आहे का, हे आधी पाहायचे. हा काही पक्का कायदा नाही. कूलंट कमी असेल तर गाडी कुठेही तापू शकते. पण कुठून सुरुवात करायची ते यावरून कळते.

मग प्रश्न आला, काटा खरे बोलतो का? जुन्या गाडीत सेन्सर किंवा त्याची वायर बिघडल्यामुळेही काटा चढू शकतो. आम्ही एमआय रूममधून ताप मोजायची बंदूक आणायला निघालो, तेव्हा उस्ताद हसले. ती माणसाचा ताप मोजण्यापुरती असते, त्यापुढे आकडा दाखवत नाही. शेवटी भौतिकशास्त्राच्या सरांनी प्रयोगशाळेतला तापमान मोजणारा मल्टिमीटर दिला. त्याच्या तारेचे टोक वरच्या पाइपाजवळच्या धातूच्या भागाला लावून गाडी उभी ठेवली. चौदाव्या मिनिटाला 104 अंश सेल्सिअस, आणि आकडा चढताच. काटा खोटे बोलत नव्हता. इंजिन बंद केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचे झाकण उघडले. थंड असतानाच का, हे सर्वांना माहीत असायला हवे. त्या झाकणावर 0.9 असा आकडा होता. म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा 0.9 बारने जास्त होईपर्यंत ते धरून ठेवते. एवढ्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा समुद्रसपाटीला 118 अंशांच्या आसपास उकळते. गरम असताना झाकण उघडले की दाब एकदम जातो आणि 100 च्या वर गेलेले पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. आपल्यापैकी काही जण पुढे लेहला जातील. तिथे, सुमारे 3,500 मीटर उंचीवर, उघड्या भांड्यातले पाणी 88 अंशांनाच उकळते. अशा जागी त्या लहानशा झाकणाचे रबर कडक झालेले असणे परवडत नाही. आमच्या झाकणाचे रबर ठीक होते. कूलंट अर्थातच कमी होते. ते आदल्या दिवसांत सांडले होते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे निम्मे घालून पातळी भरली. आमच्याकडचे बोअरवेलचे पाणी खारे आहे. त्यातला क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, म्हणून नळाला पाइप लावून गाडी भरायची नाही, असे उस्तादांनी बजावले.

हेड गॅस्केट गेले असेल अशी भीती सगळ्यांना होती, कारण तो खर्च मोठा. पण त्याच्या खुणा असतात: तेल भरायच्या झाकणाखाली दुधाळ फेस, कूलंटवर तेलाचा तवंग, इंजिन चालू असताना कूलंटमधून सतत येणारे बुडबुडे. यातले काहीच नव्हते. पंप आणि पंखा फिरवणारा बेल्ट अंगठ्याने दाबून पाहिला; जेवढा दबायला हवा तेवढाच दबला. इंजिन बंद केल्यावर रेडिएटरला पाच-सहा ठिकाणी तार लावून पाहिली. मध्येच एखादा पट्टा थंड लागला असता तर तिथल्या नळ्या आतून बंद आहेत असे समजले असते. तसा पट्टा सापडला नाही.

मग बाहेरून पाहिले. एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर त्याच्या मागे. त्या दोघांच्या फटीत टॉर्च मारला तर वाळू, कडुलिंबाची पाने आणि मेलेले किडे यांची जणू गोधडीच दिसली. पुढून पाहणाऱ्याला जाळी स्वच्छ वाटते, कारण कचरा मधल्या फटीत असतो. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, हलक्या धारेने पाणी मारून तो काढला. जोरात मारले तर पातळ पंख वाकतात.

इथे माझी घाई झाली. मी म्हणालो, आता पंखाही बदलून टाकू आणि एकदमच तपासू. उस्तादांनी नकार दिला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दर वेळी तीच चाचणी करायची. नाहीतर कशामुळे बरे झाले ते कधीच कळत नाही. चाचणी केली. पूर्वी चौदा मिनिटांत यायचे तेवढे तापमान यायला आता एकवीस मिनिटे लागली. सुधारणा झाली होती, दोष गेला नव्हता. शर्यतीच्या दिवशी एवढ्यावर थांबलो असतो तर गाडी अजून थोडा वेळ उभी राहिली असती, आणि मग बंद पडली असती.

तिसऱ्या दिवशी पंखा पाहिला. या गाडीचा पंखा इंजिनला सरळ जोडलेला नाही. मध्ये एक क्लच आहे, त्यात सिलिकॉन तेल असते. त्याच्या तोंडाशी दोन धातूंची पट्टी गुंडाळलेली असते. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की ती पट्टी वळते, तेल आत सोडते आणि पंखा जोरात फिरू लागतो. तेल गळून गेले की पंखा नुसता घसरत राहतो. गरम गाडी बंद करून, चावी उस्तादांच्या खिशात ठेवून, आम्ही पंखा हाताने फिरवला. गरम असताना तो जड लागायला हवा होता. तो चार-पाच फेरे सहज फिरला. क्लचच्या पुढच्या बाजूला तेलाचे जुने ओघळ होते आणि त्यांवर धूळ चिकटली होती. पंख्याभोवतीची प्लॅस्टिकची कड, जिला श्राउड म्हणतात, तिचा खालचा तुकडाही नव्हता. त्यामुळे पंखा रेडिएटरमधून ताजी हवा ओढण्याऐवजी मागचीच गरम हवा काही प्रमाणात फिरवत होता. काही मिस्त्री चालत्या पंख्यात वर्तमानपत्राची गुंडाळी घालून क्लच तपासतात. तसे करण्याची आम्हाला सक्त मनाई होती आणि ती योग्यच होती.

याच सुमारास बाहेरच्या एका गॅरेजवाल्यांचा सल्ला आला: थर्मोस्टॅट काढून टाका, पाच मिनिटांचे काम. हा सल्ला आपल्या देशात इतका सर्रास दिला जातो की माझ्या घरच्या गाडीलाही तो मिळाला आहे. आम्ही थर्मोस्टॅट काढला, पण फेकला नाही. प्रयोगशाळेत पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसोबत टांगला आणि पाणी तापवले. 82 अंशांना तो उघडू लागला. त्याच्यावर आकडाही 82 असाच कोरलेला होता. म्हणजे इंजिन 104 ला पोहोचते तेव्हा तो उघडलेलाच असतो. तो काढल्याने पंखा एक फेराही जास्त फिरणार नव्हता. उलट थंडीत इंजिन तापायला वेळ लागला असता, डिझेल जास्त गेले असते आणि झीज वाढली असती. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला न जाता तसेच इंजिनात परत फिरते. निर्दोष भाग काढून टाकल्याने दोषी भाग सुधारत नाही. आम्ही तो नव्या गॅस्केटसह परत बसवला.

चौथ्या दिवशी नवा क्लच आणि नवी श्राउड बसली. आम्ही ॲम्ब्युलन्स मैदानात, उन्हात, एसी लावून चाळीस मिनिटे उभी ठेवली. मल्टिमीटर 91 वर स्थिर राहिला. मध्येच पंख्याचा घरघर आवाज वाढला आणि आकडा खाली आला. तो आवाज मी याआधी त्या गाडीचा ऐकलाच नव्हता.

आता या सगळ्यावरचे माझे म्हणणे.

पहिले, आमच्या शिक्षकांना आणि अधिकाऱ्यांना. आठवी ते दहावीच्या कॅडेटांना आठवड्यातून एक तास एमटी शेडमध्ये द्यावा. गाडी चालवण्याचे आमचे वय नाही आणि ती मागणीही नाही. उभी गाडी कशी पाहायची, एवढेच शिकवा. यावर दोन आक्षेप घेतले जातील. एक, अभ्यासाचे काय? दाब आणि उत्कलनबिंदू हा धडा आम्ही दोनदा वाचला होता. तो मला कळला तो 0.9 लिहिलेल्या झाकणामुळे. दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो गंभीर आहे. गरम झाकण आणि फिरता पंखा यांनी हात जाऊ शकतो. म्हणूनच उस्तादांच्या देखरेखीखाली, चावी त्यांच्या खिशात ठेवून शिकलेले बरे. नाहीतर पुढे कधीतरी, रस्त्याच्या कडेला, कोणी सांगणारे नसताना आम्ही ते झाकण उघडूच. सैन्याने दुरुस्तीच्या कामासाठी 1943 पासून एक पूर्ण कोअर उभी ठेवली आहे. ते काम हलके नाही हे आम्हाला लवकर कळले तर बरे.

दुसरे, पालकांना. तुमच्या गाडीला बहुधा विजेवर चालणारा पंखा असेल. सिग्नलला काटा चढत असेल तर एसी लावून पाहा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच सुरू व्हायला हवा. सुरू झाला नाही तर फ्यूज, रिले, सेन्सर, मोटर या क्रमाने मिस्त्रींना तपासायला सांगा. वाटेत काटा चढलाच तर एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा, कारण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. तरीही उतरला नाही तर बाजूला थांबून इंजिन बंद करा आणि झाकणाला हात लावू नका. आणि सुट्टीत मुलगा मिस्त्रीकाकांजवळ उभा राहून प्रश्न विचारत असेल तर त्याला लगेच घरात बोलावू नका.

तिसरे, माझ्या मित्रांना, आणि हे मी आधी स्वतःला सांगतो. सरावाच्या दिवशी काटा तिघांनी पाहिला होता: भैयांनी, एमआय रूमच्या नर्सिंग असिस्टंटनी आणि मी. प्रत्येकाला वाटले, दुसऱ्याला माहीत आहे. प्रत्येकाला वाटले, चालायला लागली की उतरतो. गाडीच्या रजिस्टरमध्ये बिघाडाचा रकाना आहे. त्या दिवशी तो कोरा राहिला. मी गप्प का राहिलो? कारण सांगून चूक निघालो तर हसतील, असे वाटले. ड्रायव्हर भैयांची तक्रार केल्यासारखे होईल, असेही वाटले. पण बिघाड सांगणे म्हणजे माणसाची तक्रार करणे नव्हे. भैयांनी नंतर मला हेच सांगितले. आपणही नवा पंखा मागायला कचरत होतो, असे ते म्हणाले.

म्हणून माझी एक लहान सूचना आहे. गाडीसोबत ड्युटीवर असलेल्या कॅडेटनेही परत आल्यावर त्या रजिस्टरमध्ये एक ओळ लिहावी: काय पाहिले, किती मिनिटांनी, गाडी उभी होती की चालत होती. निदान करायची गरज नाही, ते उस्ताद करतील. आणि जो लिहील त्याला कोणी हसू नये, मग ते लिहिलेले पुढे फुसके ठरले तरी.

गेल्या आठवड्यात फुटबॉलच्या सामन्याला ॲम्ब्युलन्स पुन्हा मैदानाच्या कडेला उभी होती. पंचावन्न मिनिटे, इंजिन चालू. मी जाऊन काटा पाहून आलो आणि रजिस्टरमध्ये लिहिले: उभी, 55 मिनिटे, काटा मध्यावर.